मुंबईत जन्मली, हॉलिवूडची स्टार झाली, पण जन्मगाव शेवटपर्यंत लपवलं : मर्ल ओबेरॉनची गोष्ट

मार्च २०२३ मध्ये मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्याआधी जानेवारीत नामांकनं जाहीर झाली, तेव्हा जगभरच्या अनेक बातम्यांमध्ये एक विचित्र वाक्य दिसत होतं. या गटात नामांकन मिळालेली पहिली आशियाई अभिनेत्री, असं सरळ लिहिण्याऐवजी स्वतःची ओळख आशियाई अशी सांगणारी पहिली अभिनेत्री, असं जपून लिहिलं जात होतं.

इतकं जपून का? कारण ८७ वर्षांपूर्वीच एका आशियाई अभिनेत्रीला हे नामांकन मिळालं होतं. फक्त ती आशियाई आहे हे तेव्हा प्रेक्षकांना माहीत नव्हतं, आणि ते कळू नये यासाठी तिने आयुष्यभर धडपड केली.

तिचं नाव मर्ल ओबेरॉन. जन्म मुंबईचा.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूडपटांचे शौकीन तिला 'वुदरिंग हाइट्स'ची नायिका म्हणून ओळखतात. पण पडद्यावरच्या कॅथीपेक्षा पडद्यामागची मर्ल जास्त गुंतागुंतीची आहे. हॉलिवूडला तिचा चेहरा हवा होता, तो चेहरा जिथून आला ते घर मात्र नको होतं. या सौद्याची तिने काय किंमत मोजली, ते समजून घेऊया.

मुंबईची क्वीनी

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एका मुलीचा जन्म झाला. नाव ठेवलं एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. घरात सगळे तिला क्वीनी म्हणायचे. वडील आर्थर थॉम्पसन हे रेल्वेत काम करणारे ब्रिटिश इंजिनिअर. तिला वाढवणारी आई शार्लट सेल्बी ही सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून आलेली, मिश्र वंशाची आणि सावळ्या रंगाची बाई.

याच १९११ सालात मिश्र वंशाच्या लोकांसाठी सरकारदरबारी 'अँग्लो-इंडियन' हा शब्द मान्य झाला. या समाजाची अवस्था मोठी अवघड होती. रेल्वे, तारखातं, टेलिफोन अशा ठिकाणी त्यांना नोकऱ्या मिळत. पण गोऱ्यांच्या क्लबात त्यांना जागा नव्हती आणि भारतीय समाजही त्यांना आपलं मानत नव्हता. इंग्रजी बोलायचं, चर्चमध्ये जायचं, फ्रॉक घालायचा, तरीही आपण साहेबांच्या नजरेत साहेब नाही हे रोज नव्याने कळायचं. एकाच घरात एक मूल गोरं आणि दुसरं सावळं निपजलं, तर दोघांची नशिबंही वेगळी व्हायची.

क्वीनी गोरी निपजली होती.

ती लहान असतानाच वडील न्युमोनियाने गेले. १९१७ मध्ये मायलेकी मुंबई सोडून कलकत्त्याला आल्या. तिथल्या ला मार्टिनिअर या नावाजलेल्या मुलींच्या शाळेत क्वीनीला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण वर्गातल्या मुलींनी तिच्या घरावरून, रंगावरून तिला इतकं छळलं की तिने शाळाच सोडली आणि पुढचं शिक्षण घरी घेतलं. घरात कोण आहे हे लोकांना कळलं की काय होतं, याचा पहिला धडा तिला इथे मिळाला.

पुढे तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली. कलकत्त्याच्या हौशी नाट्यमंडळात ती कामं करू लागली. सिनेमाचं वेड तर होतंच.

एक सावळी आई आणि मोडलेलं लग्न

तर कलकत्त्यात तिची ओळख बेन फिनी नावाच्या एका माजी अमेरिकन नटाशी झाली. प्रकरण लग्नापर्यंत जाईल असं वाटत असतानाच तो एकदा तिच्या घरी आला आणि शार्लटला पाहून त्याला काय ते कळलं. संबंध तिथेच संपले.

पण जाता जाता त्याने एक शब्द दिला होता. फ्रान्समध्ये नीस इथे रेक्स इंग्रॅम या दिग्दर्शकाचा स्टुडिओ होता. तिथवर येऊ शकलीस तर ओळख करून देईन, असं फिनी म्हणाला होता. त्याने बहुधा ते टाळण्यासाठीच म्हटलं असावं. क्वीनीने मात्र तो शब्द खरा धरला. मायलेकी बोटीत बसल्या आणि थेट फ्रान्सला पोहोचल्या. फिनी काही भेटला नाही, पण इंग्रॅमला तिचा चेहरा आवडला आणि 'द थ्री पॅशन्स' या सिनेमात गर्दीतलं छोटंसं काम मिळालं.

तिथून त्या लंडनला गेल्या. क्वीनी ओब्रायन या नावाने ती कॅफे द पारी या प्रसिद्ध नाइटक्लबात होस्टेस म्हणून काम करायची आणि सिनेमात मिळतील त्या किरकोळ भूमिका करायची. अशी काही वर्षं गेली.

टास्मानियाच का?

मग आयुष्यात आला अलेक्झांडर कोर्डा. हा हंगेरीहून आलेला ज्यू निर्माता-दिग्दर्शक. त्याचं स्वतःचं मूळ आडनाव केल्नर. नाव बदलून नवा माणूस कसा घडवायचा, हे त्याला वेगळं शिकवावं लागणार नव्हतं. त्याने तिला करारबद्ध केलं. ओब्रायनचं ओबेरॉन झालं आणि क्वीनीची मर्ल ओबेरॉन झाली.

१९३३ मध्ये कोर्डाचा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' आला. मर्लला यात ॲन बोलिनची भूमिका मिळाली. पडद्यावर ती काही मिनिटंच दिसते, शिरच्छेदाला सामोरी जाणारी राणी म्हणून. पण तेवढ्यानेच तिचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिला. या सिनेमासाठी चार्ल्स लॉटनला ऑस्कर मिळालं, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळवणारा हा पहिला ब्रिटिश सिनेमा ठरला. पुढच्याच वर्षी 'द स्कार्लेट पिम्परनेल'मध्ये ती लेस्ली हॉवर्डची नायिका झाली.

आता पत्रकार विचारणार, ही मुलगी मूळची कुठली? त्यासाठी एक गोष्ट तयार करण्यात आली. मर्लचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर झाला आणि तिच्या जन्माची कागदपत्रं आगीत जळून गेली.

टास्मानिया निवडण्यामागे डोकं होतं. ते बेट लंडन आणि हॉलिवूड या दोन्ही ठिकाणांहून इतकं दूर की कोणी चौकशीला जाणार नाही. शिवाय तिथली वस्ती ब्रिटिश वळणाची मानली जायची, त्यामुळे तिथे जन्मलेली मुलगी गोरीच असणार हे लोक गृहीत धरत. आणि कागदपत्रं जळाली म्हटल्यावर पुरावा मागायची सोयच राहिली नाही.

खरं सांगितलं असतं तर?

आज वाटेल, एवढं लपवण्यासारखं त्यात काय होतं? त्यासाठी १९३० च्या दशकातली अमेरिका बघावी लागेल.

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने भारतासह बहुतेक आशियातून येणाऱ्या लोकांवर बंदी घातली होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख व्यक्तीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही, असा निकाल दिला. ही दारं थोडीशी किलकिली झाली ती थेट १९४६ मध्ये, आणि तेव्हाही भारताला मिळालेला कोटा होता वर्षाला १०० माणसांचा.

सिनेमाचे नियम वेगळे होतेच. 'हेज कोड' या नावाने ओळखली जाणारी आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली. गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला तिने मनाई केली होती. स्टुडिओवाले आशियाई कलाकारांच्या बाबतीतही तोच हात आखडता घेत. ॲना मे वाँग ही त्या काळातली मोठी चिनी-अमेरिकन अभिनेत्री. चीनमधल्या शेतकरी कुटुंबावरच्या 'द गुड अर्थ' या सिनेमाची नायिका व्हायची तिची फार इच्छा होती. पण नायक गोरा नट करणार होता, म्हणून नायिकाही गोरीच घेतली गेली. लुईस रायनरने मेकअप करून चिनी बाई साकारली आणि ऑस्कर मिळवलं.

मर्लच्या अगदी शेजारचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९३७ मध्ये कोर्डाच्याच कंपनीने 'एलिफंट बॉय' काढला आणि म्हैसूरचा साबू हा मुलगा जगप्रसिद्ध झाला. म्हणजे एकाच निर्मात्याकडे एकाच वेळी भारतात जन्मलेले दोन कलाकार होते. एकाचं भारतीयपण पोस्टरवर छापून विकलं जात होतं आणि दुसरीचं झाकून ठेवलं जात होतं. साबूला जवळपास सगळ्या भूमिका हत्ती, जंगल आणि राजवाड्यांच्या मिळाल्या. मर्लला इंग्लिश सरदारकन्या होता आलं. फरक फक्त रंगाचा आणि एका खोट्या पत्त्याचा होता.

ऑस्करचं नामांकन

कोर्डाने तिच्या कराराचा काही हिस्सा हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविनला विकला आणि मर्ल अमेरिकेला गेली. सुरुवातीला तिला परदेशी, गूढ बायकांच्या भूमिका मिळत होत्या. त्याआधी 'द बॅटल' या सिनेमात तर तिने जपानी सरदाराची बायको रंगवली होती. गोल्डविनने ही प्रतिमा बदलायची ठरवली. १९३५ च्या 'द डार्क एंजल'मध्ये त्याने तिला साधी, सोज्वळ इंग्लिश मुलगी केलं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेला प्रियकर आणि त्याला शोधणारी प्रेयसी, अशी ती गोष्ट.

या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. मार्च १९३६ मधल्या सोहळ्यात पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. पण मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात टेलिफोन जोडणारी मुलगी वयाच्या पंचविशीत तिथवर पोहोचली होती, आणि हे ती कोणाला सांगू शकत नव्हती.

घरातली 'मोलकरीण'

या सगळ्यात शार्लट कुठे होती? ती मर्लसोबतच राहत होती. पण घरी पाहुणे आले की ही सावळी बाई कोण, हा प्रश्न येणारच. त्यावर ठरलेलं उत्तर होतं, ही घरकाम करणारी बाई आहे.

ज्या आईने मुलीसाठी कलकत्ता सोडलं, जी तिच्यासोबत नीस आणि लंडनला गेली, ती मुलीच्या घरात मोलकरीण म्हणून वावरली. १९३७ मध्ये शार्लट वारली.

यावरून मर्लला दोष देणं सोपं आहे. पण आई समोर आल्यावर काय होतं, हे तिने शाळेत आणि फिनीच्या बाबतीत पाहिलं होतं. आईला सोडून देण्याचा पर्यायही तिच्याकडे होता आणि तो तिने घेतला नाही. तिने आईला जवळ ठेवलं, पण आई म्हणून नाही.

पुढे १९४९ मध्ये तिने एका जुन्या फोटोवरून शार्लटचं चित्र काढून घेतलं. चित्रकाराला सूचना होती की रंग उजळ दाखवायचा. हे चित्र शेवटपर्यंत मर्लच्या घरांमध्ये भिंतीवर होतं. आई म्हणून शार्लटला त्या घरात जागा मिळाली ती मेल्यानंतर, आणि तीही गोरी होऊन.

'वुदरिंग हाइट्स'मधला योगायोग

१९३९ मध्ये विल्यम वायलरचा 'वुदरिंग हाइट्स' आला आणि मर्लचं नाव कायमचं सिनेमाच्या इतिहासात गेलं. हीथक्लिफच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए होता. त्याला नायिका म्हणून आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे सेटवर दोघांचं फारसं जमलं नाही. आता गंमत बघा, व्हिव्हियन लीचा जन्मही भारतातला, दार्जिलिंगचा. पण ती ब्रिटिश घरात जन्मलेली असल्याने तिला ते लपवायची गरज पडली नाही.

दुसरा योगायोग जास्त बोचरा आहे. एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा काळासावळा, कुठून आला हे कोणालाच माहीत नसलेला अनाथ मुलगा आहे. त्याची आई हिंदुस्थानातली राणी असेल, अशी कल्पनाही त्यातलं एक पात्र बोलून दाखवतं. सिनेमात तो सावळा परका रंगवला गोऱ्या ऑलिव्हिएने, आणि त्याच्याशी लग्न करणं कमीपणाचं समजणारी इंग्लिश कॅथी रंगवली मुंबईत जन्मलेल्या मर्लने. माणूस आवडतो, पण त्याचं मूळ आड येतं, ही कॅथीची घालमेल तिला समजावून सांगावी लागली नसेल.

या सिनेमाला आठ ऑस्कर नामांकनं मिळाली आणि छायाचित्रणासाठी ग्रेग टोलंडला पुरस्कार मिळाला. पुरस्कारांच्या यादीत मर्लचं नाव नव्हतं.

चेहरा हेच भांडवल

ज्या चेहऱ्यावर सगळं उभं होतं, तोच दोनदा धोक्यात आला. १९३७ मध्ये लंडनला 'आय, क्लॉडियस' या सिनेमाचं शूटिंग चालू असताना मर्लच्या गाडीला अपघात झाला आणि चेहऱ्यावर जखमा झाल्या. आधीच अडचणीत असलेला तो सिनेमा त्यानंतर कायमचा बंद पडला. मग १९४० मध्ये औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या रिॲक्शनमुळे तिची त्वचा खराब झाली, त्यावर वेदनादायक उपचार करावे लागले.

इथे सिनेमाच्या तंत्राला तिने नकळत एक देणगी दिली. १९४४ च्या 'द लॉजर'चा कॅमेरामन होता ल्युसियन बॅलर्ड. त्याने तिच्यासाठी कॅमेऱ्याला, लेन्सच्या अगदी जवळ जोडायचा एक दिवा तयार केला. व्रण दिसतात ते त्यांच्या सावलीमुळे. दिवा बाजूला असेल तर चेहऱ्यावरच्या प्रत्येक खाचेची सावली पडते. पण प्रकाश लेन्सच्याच दिशेने आला की ती सावली कॅमेऱ्याला दिसत नाही आणि त्वचा गुळगुळीत वाटते. मर्लच्या आडनावावरून या दिव्याला 'ओबी' म्हणतात. असा दिवा आणि हे नाव आजही सिनेमाच्या सेटवर वापरात आहे.

१९३९ मध्ये तिने कोर्डाशी लग्न केलं होतं. १९४२ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला आणि मर्ल लेडी कोर्डा झाली. ज्या साम्राज्यात तिला शाळेत टिकू दिलं नव्हतं, त्याच साम्राज्याने तिला हा मान दिला. १९४५ मध्ये घटस्फोट झाला आणि तिने त्या दिव्याच्या जनकाशी, बॅलर्डशी लग्न केलं. तेही चार वर्षांत संपलं. पुढे मेक्सिकोतला उद्योगपती ब्रुनो पाल्याई आणि शेवटी तिच्याहून २५ वर्षांनी लहान असलेला डच अभिनेता रॉबर्ट वोल्डर्स, अशी आणखी दोन लग्नं झाली. कामं कमी होत गेली. १९५४ च्या 'देझिरे'मध्ये ती मार्लन ब्रँडोच्या नेपोलियनची जोसेफिन होती, आणि १९७३ चा 'इंटरव्हल' हा तिचा शेवटचा सिनेमा.

होबार्टचा सत्कार

खोटी गोष्ट चाळीस वर्षं सांगितली की ती स्वतःच्या पायांनी चालू लागते. टास्मानियातल्या लोकांनी मर्लला खरोखर आपली लेक मानलं होतं. एका हॉटेलात काम करणाऱ्या चिनी बाईची ती मुलगी, अशी दंतकथाही तिथे रुजली होती.

१९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्ट इथे महापौरांनी तिचा जाहीर सत्कार ठेवला. जन्मगावची लेक घरी आली, असा सगळा थाट. कार्यक्रमाला आल्यावर काही वेळातच तिने आपला जन्म इथला नाही असं सांगितलं आणि तब्येतीचं कारण देऊन निघून गेली. लोक खट्टू झाले. तिचा जन्म नेमका कुठला, हे मात्र तिने तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, पक्षाघाताच्या झटक्यानंतर कॅलिफोर्नियात तिचं निधन झालं. वय होतं ६८.

दाखल्यावरचं नाव

१९८३ मध्ये तिचं चरित्र आलं आणि भारतातल्या जन्माची गोष्ट जगाला कळली. कोर्डाचा पुतण्या मायकेल कोर्डाने तिच्या आयुष्यावर बेतलेली 'क्वीनी' ही कादंबरी १९८५ मध्ये लिहिली, तिच्यावर टीव्ही मालिकाही झाली. पण सगळ्यात मोठं गुपित बाहेर यायला २००२ उजाडलं. 'द ट्रबल विथ मर्ल' या ऑस्ट्रेलियन माहितीपटात ते आलं.

झालं असं होतं की, शार्लटला कॉन्स्टन्स नावाची एक मुलगी होती. मर्ल तिला आपली मोठी बहीण समजत मोठी झाली. कॉन्स्टन्सचा मुलगा पुढे कॅनडात स्थायिक झाला. त्याने मुंबईच्या सरकारी दफ्तरातून मर्लचा जन्मदाखला शोधून काढला. त्यावर आई म्हणून नाव होतं कॉन्स्टन्सचं. मर्लला जन्म दिला तेव्हा कॉन्स्टन्स स्वतःच शाळकरी वयाची होती आणि मुलीचा बाप होता तिच्याच आईचा जोडीदार. आजच्या भाषेत हा सरळ सरळ अत्याचार. घराची अब्रू झाकण्यासाठी शार्लटने नातीला मुलगी म्हणून वाढवलं होतं. हा भाऊ मर्लला भेटायला लॉस एंजेलिसला गेला होता, पण तिने भेट नाकारली. तिच्या हयातीत त्याने हे कुठे छापून येऊ दिलं नाही, पहिल्या चरित्रकारालाही सांगितलं नाही.

म्हणजे मर्लने सांगितलेलं खोटं हे त्या घरातलं पहिलं खोटं नव्हतंच. तिच्या आधी शार्लटने ते सांगितलं होतं, तेही एका पोरीला आणि तिच्या बाळाला वाचवण्यासाठी.

तुम्हाला मर्ल ओबेरॉन पाहायची असेल, तर सुरुवात 'वुदरिंग हाइट्स'पासून करा, मग 'द स्कार्लेट पिम्परनेल' बघा. तिच्या संवादांपेक्षा ती गप्प असतानाचे क्लोजअप जास्त लक्ष देऊन बघा. आणि ते बघताना एवढंच लक्षात असू द्या, की आगीत जळाला म्हणून सांगितलेला तो कागद कधीच जळाला नव्हता. ती लंडनमध्ये, हॉलिवूडमध्ये, मेक्सिकोत असताना तो मुंबईच्या दफ्तरात जागच्या जागी होता.